या वेळी सांगून जातेय

भाऊ,

मी धुळ्याला बारावीच्या पेपरला निघाले. खाट रिकामी दिसली म्हणून लगेच गाडीला किक मारू नकोस, आधी हे वाच. मागे आजारात न सांगता गेले, तेव्हा तू शिंदखेड्यापासून दोंडाईच्यापर्यंत रान पालथं घातलंस. पाय तेच आहेत, पण आज त्यांना गाव ठाऊक आहे.

सकाळची गोळी घेतली. भाकरी टोपलीत आहे. ठेच्यात मीठ जास्त पडलंय, मन पेपरात होतं. मनाच्या आजारातून उठलेल्यांना शिकवणाऱ्या आमच्या सुनंदा मॅडम धुळ्याच्या स्टँडवर भेटतील. गोळ्यांनी हात थरथरायचा, म्हणून त्यांनी वर्षभर माझ्याकडून रोज पानभर लिहून घेतलं. या चिठ्ठीतलं अक्षर बघ, एकही ओळ घसरली नाही.

शेजारच्या ताईबाईंनी विचारलं, तर मागच्यासारखं मामाकडे गेली म्हणू नकोस. बोर्डाच्या पेपरला गेली म्हण. नाना तर ओट्यावर बसून सांगतीलच, "मनी पोर शानी शे." बापाला आपली पोर शहाणी वाटते, सांगू दे त्यांना.

संध्याकाळी आपल्या स्टँडवर ये. शोधायला नाही, घ्यायला ये.

सारिका