दोन घंट्यांचा फोन

मी, प्रेमचंद हजारीमल छाजेड, वय एकाहत्तर, धंदा कापडदुकान, राहणार भडगाव, डोके ठिकाणावर असताना व कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. शरीर थकले आहे, आणि घरात तीच ती बोलणी ऐकून जीवही थकला आहे. म्हणून एकदाचे कागदावर आणतो.

१. दुकान, गज, कात्र्या, गल्ला मुलगा अभयकुमार यास. जळगावची वस्ती सोडून तो इथे बसणार नाही हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावे, पण माझ्या डोळ्यांदेखत भाव काढू नये.

२. राहते घर पत्नी केसरबाई हिला, तिच्या पश्चात अभयला. माडीवरची खोली मात्र मुलगी धनकुंवर हिची. तिला कुलूप लावू नये. "तिचे तिला लग्नात दिले" हे अभयच्या तोंडून पुष्कळ ऐकले, आता पुरे.

३. घरचा टेलिफोन, नंबर २४१७. अभय म्हणतो, इथले भाडे फुकट जाते, बंद करू. बंद करायचा नाही. जळगावला नेला तर नंबर बदलतो, परक्याच्या नावे केला तर नवी अनामत मागतात. वारसाच्या नावे केला तर नंबर तोच राहतो व जास्तीचे काही पडत नाही, असे टेलिफोन ऑफिसात खेटे घालून विचारून आलो. म्हणून तो केसरबाईच्या नावे करावा.

४. याचे कारण लिहितो. धनकुंवर इंदूरला सासरी आहे. तिला माहेरी बोलू देत नाहीत, पत्रे फोडतात. रविवारी सकाळी सगळे मंदिरात गेले की ती हा नंबर फिरवते, दोन घंट्या वाजू देते आणि ठेवते. आम्ही उचलत नाही. उचलला नाही तर बिल चढत नाही आणि तिथे कोणाला कळत नाही. दोन म्हणजे पोरगी बरी आहे. केसरबाईला ऐकू कमी येते, म्हणून शेजारच्या मंजुळाबाई येऊन बसतात आणि तिच्या कानाशी सांगतात, "अक्का, दोनच वाजन्यात. पोर बरी शे." त्यावर आमचा आठवडा निघतो.

मागच्या दिवाळीत अभयला राहवले नाही. त्याने फोन उचलून हॅलो हॅलो केले. तिकडच्या बिलात भडगाव निघाले. नंतर कितीतरी रविवार फोन मुका होता. बहिणीच्या मायेनेच उचलला हे मला कळते, तरी राग गेलेला नाही.

५. तिसरी घंटी वाजली तर तिला तिथे राहणे शक्य नाही असे समजावे. माझ्या मागे अशी वेळ आल्यास अभयने फोन न उचलता जीप काढावी व इंदूर गाठावे. काय झाले ते तिला विचारत बसू नये. घेऊन यावे.

साक्षीदार:
लोटन आधार पाटील (सही)
जीवराम सुपडू सोनवणे (सही)

भडगाव, रविवार, ता. १२ फेब्रुवारी १९९५
प्रेमचंद हजारीमल छाजेड (सही)

खाडाखोडीची नोंद: सह्या चालू असतानाच फोन वाजला. मंजुळाबाई म्हणाल्या, "आबा, तीन वाजन्यात." फोन कोणी उचलला नाही. सह्यांसाठी जळगावहून आलेला अभय जीप काढायला गेला आहे. कलम पाचमधील "माझ्या मागे" हे शब्द मी खोडले आहेत. दोघा साक्षीदारांसमोर.

प्रेमचंद (सही)