सहा जावांची पेटी

१८ मार्च, मंगळवार

पेटी आली! सूनबाई क्षिप्रा घरूनच लग्नकार्याच्या शूटिंगची कामं करते ना, ते शूटिंग साठवायला. आत सहा डिस्क बसतात. तिच्या हाताखालच्या चार मुली आपापल्या घरून, एकाच पेटीतलं शूटिंग घेऊन काम करणार. आधी एकेक डिस्क तपासायची, खराब नाही ना. मग पुसून कोरी करायची. नंबरच्या चिठ्ठ्या मी चिकटवल्या. मराठी आकडे! चौथीच शिकले, पण सहापर्यंत येतात हो. हळदकुंकू डिस्कला लावू दिलं नाही. मग खोक्याला लावलं.

१९ मार्च

नात वल्लरी इथल्या पोरांसारखं 'लाह' लावून म्हणते, "आजी, एक डिस्क गेली तरी नो प्रॉब्लेम लाह! बाकीच्या पाच तिचं भरून काढतात."

म्हटलं, कळलं. आम्ही सहा जावा होतो. एक माहेरी गेली म्हणून स्वयंपाक कधी अडला नाही. दोघी एकदम गेल्या की मात्र बोंब!

"एक्झॅक्टली!" म्हणाली. मला!

२० मार्च

पेटी दिवसभर घरघरतेय. सहाजणींची जुळणी चाललीय. मी जाता-येता बटणं बंद करते म्हणून क्षिप्राने बटणावर चिकटपट्टीच मारलीय. विश्वासच नाही.

२१ मार्च

मेले! पेटीत पहिलं काय भरलं, तर मंडळाच्या होळीच्या पुरणपोळी स्पर्धेचं शूटिंग. माझा पहिला नंबर आला ती! पण — वही, फुटू नकोस — पोळ्या लिटिल इंडियातल्या, म्हणजे इथल्या देशी बाजारातल्या, दुकानातून आणलेल्या. तूप तेवढं माझं. आणि हे मी शेजारच्या चैत्रालीच्या कानात सांगितलं, तेव्हा मुलाखतीचा माईक पदराला तसाच! आत्ता आठवतंय.

परीक्षक कोण? विहीणबाई रत्नाताई, क्षिप्राची आई. आमच्याकडेच राहायला आल्यात, सध्या आठवडाभर शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेडोकला भाचीकडे गेल्यात. रविवारी परत येणार नि टीव्हीवर सगळं बघणार. पंधरा वर्षं त्यांना ऐकवतेय, पुरणपोळी खावी तर माझ्या हातची! आता तोंड कुठे लपवू?

२२ मार्च

क्षिप्रा भाजीला गेली तशी तीन नंबरची डिस्क ओढली नि तांदळाच्या डब्यात खुपसली. पेटी कोकलायलाच लागली! वल्लरीने शिकवलं तसा टीव्ही लावला — तर मी तिथेच! "विकतच्या आहेत गं," खणखणीत! पाच जावांनी सहावीचं भरून काढलं. मेल्या एरवी कधी एक होत नाहीत.

मग चार नंबरला हात घातला. दोन गेल्या की सगळं साफ. पण सगळं म्हणजे मंडळातल्या मुकुलचं लग्नही. कालच भरलंय, कॅमेऱ्यातलं पुसूनही झालंय. माझ्या पोळीपायी त्या पोरांनी पुन्हा सप्तपदी घालायची?

हात मागे घेतला. क्षिप्रा आल्यावर डिस्क तिच्या हातात दिली, सगळं सांगितलं. रागावली. मग डिस्कला चिकटलेला तांदूळ बघून हसत खालीच बसली. "तेवढं मी कापते, आई. पण माझ्या आईला तुम्हीच सांगायचं."

२३ मार्च, रविवार

रत्नाताई आल्या. चहा दिला, सांगून टाकलं.

"मला पहिल्याच घासाला कळलं," म्हणाल्या. "तुमच्या पोळ्या इतक्या मऊ कधी असतात?"

"मग पहिला नंबर कसा दिलात?"

"पुढे महिनाभर तुमच्याच हातचं जेवायचं होतं ना मला!"