गटावर माझी देखरेख

५ फेब्रुवारी १९७६, गुरुवार
मुलाने, नागनाथने, अट घातली. आईने डॉक्टरांच्या ग्रुप थेरपीला जायचे, चारचौघांत जेवायचे. तरच नात चारू माढ्याच्या आजोळाहून परत येईल. नऊ वर्षांची पोर माझे बघून जेवण टाकायला लागली, हा माझा दोष म्हणे. मी त्याला निग्रह म्हणते.
तरी गेले. खाणे आणि स्वभाव दोन्ही बिघडलेल्यांचा गट आहे. तिथे निवृत्त मुख्याध्यापिकेला कशाला बोलावतात, हे उघड आहे. देखरेखीला. खुर्च्या वाकड्या होत्या, सरळ करून घेतल्या.
शेवटी सर्वांनी भाकरी-ताक घ्यायचे असते. मला गुरुवारचा उपवास.

१२ फेब्रुवारी
गोजरबाई ट्रंकेत भाकऱ्या लपवते. सुनेने ट्रंक उघडली की विहीर जवळ करीन म्हणते. महादेवप्पा कापडवाला पोटभर जेवतो, मोरीत ओकतो, मग घरच्यांनी विष घातले म्हणून ओरडतो. दोघांना समज दिली. डॉक्टर म्हणाले, बाई, समज द्यायची नाही, स्वतःविषयी बोलायचे. पोरगेलासा डॉक्टर! बोलले. माझ्यात दोष नाही. लगेच संपले.
उपवास होताच. डॉक्टरांनी गट शुक्रवारवर नेला. खास माझ्यासाठी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
संतोषीमातेचे शुक्रवार धरले. सध्याचे फॅड, बी.ए. झालेल्या बाईला शोभत नाही, मान्य. पण त्यात आंबट वर्ज्य, आणि गटात ताक असते. डॉक्टरांनी दूध मागवले. मी म्हटले, एकभुक्त आहे, रात्री जेवेन. महादेवप्पा म्हणाला, डॉक्टरसाहेब, गट रविवारी घ्या, बाई सूर्यनारायणाला धरतील. गोजरबाई म्हणाली, आठवड्याला सातच वार हायत म्हून बरं, न्हायतर बाईंना देव पुरलं नसतं की.
हसण्यात शिस्त नाही.

२७ फेब्रुवारी
एक घास घेतला. देवीला मनात कारण कळवले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, जणू मी घोड्यावरून रपेट मारून आले. डॉक्टरांनी नागनाथला निरोप दिला. रविवारी चारूला आणतोय. मी जिंकले.

२८ फेब्रुवारी
महाशिवरात्र. हा उपवास सर्वांचाच असतो, त्यात माझे काही नाही. संकल्प: उद्या पारण्याला चारूसमोर अख्खी भाकरी.

२९ फेब्रुवारी, रविवार
चारू आली. गाल भरलेत. मी ठरल्याप्रमाणे पानावर बसले. शेंगाचटणीशी अर्धी भाकरी खाल्ली. नागनाथचे डोळे भरून आले. सर्व सुरळीत.
चारूने एक भाकरी संपवून दुसरी घेतली. वर दही मागितले. मी फक्त एवढेच म्हटले, माढ्याला बकासुर झालीस का गं?
तिने हातातला घास ताटात ठेवला. म्हणाली, आजी, मला भूक नव्हतीच.
एका शब्दात ऐकते. संस्कार टिकून आहेत, असे मी नागनाथला म्हटलेही. त्याने तिचा हात धुतला, इथले उरलेसुरले फ्रॉक पिशवीत भरले, आणि तिला घेऊन एसटी स्टँडकडे निघाला. दारात मी विचारले, आता कधी आणशील? म्हणाला, आई, तू जेव.
माझी अर्धी भाकरी पानातच होती. पण समोर कुणी नव्हते. जेवून दाखवायचे कुणाला?