दसऱ्यानंतरची वंशावळ

आप्पा, तुमचा कॉम्प्युटर परवा भंगारवाल्याला दिला. देण्याआधी आतल्या दोन्ही डिस्क काढून घेतल्या. त्यातल्या एकीबद्दल तुम्हाला सांगायचं राहिलंय. राहिलंय कसलं, मी सांगितलं नाही.

मार्केटातली कारकुनी संपल्यावर तुम्ही जुईनगरच्या घरात भावकीची वंशावळ टाइप करायला बसलात. एका बोटानं. साताऱ्याकडच्या म्हाताऱ्यांना फोन लावायचा, ऐकलेली नावं थेट टाइप करायची, वही म्हणून कधी ठेवली नाहीत. गावच्या जत्रेला छापून वाटायची, हे तुमचं एकच वेड. मधे डिस्क भरली तेव्हा नवी मीच बसवली, सगळं तिच्यावर उतरवलं आणि जुनी आत तशीच राहू दिली. एकदा चहा देताना मी विचारलं, माझं नाव कुठं टाकलंत? स्क्रीनवरची नजरही न हलवता तुम्ही म्हणालात, "पोरींची नावं वंशावळीत नसत्यात. लगीन झाल्यावर तू कुनाच्या घरची?" धाकट्याचं नाव मात्र होतं, दहावीला दोनदा आपटलेल्याचं. आई भाकरी थापत होती, ती थापतच राहिली.

मग दसरा आला. दरवर्षीसारख्या तुम्ही कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी काढल्या, डबा फडक्यानं पुसला, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दिवशी चालू केला तर समोर दोन वर्षांपूर्वीच्या फायली. वंशावळीत भावकीतली चारच घरं, बाकीची गायब. मी ऑफिसला निघालेय, एका पायात चप्पल आहे, आणि तुम्ही उठून माझ्या कानाखाली वाजवता. "तुजं नाव न्हाई म्हनून पुसलंस व्हय गं?" शेजारीण दारात उभी आहे. "आप्पा, मी हातसुद्धा लावला नाही." "खोटारडी!" त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत.

चौथ्या दिवशी तुम्ही दवाखान्यात गेला होतात, तेव्हा मी मशीन उघडलं. आतला बटणाएवढा सेल संपला होता. त्यामुळे वायर काढली की कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं हेच मशीन विसरायचं आणि जुनी उचलायचं. मी नवी निवडली. तुमची वंशावळ जशीच्या तशी, बावीस घरं. सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला असता. मी पुन्हा जुनी डिस्क लावून ठेवली, मशीन बंद केलं आणि कुकर लावला.

मोतीबिंदूचे डोळे घेऊन तुम्ही पाचव्या घरापासून पुन्हा सुरुवात केलीत. फोन करावा तर निम्मे म्हातारे तोवर गेले होते. मी रोज तुमच्या पाठीमागून जाताना कुठवर आलात ते बघायचे. अकराव्या घरापुढे तुम्ही गेला नाहीत. अंथरूण धरल्यावर एका दुपारी मला जवळ बोलावलंत. कित्येक महिन्यांनी माझ्याकडे बघितलंत. "येकदा न्हाई म्हन, पोरी. मी मानतो."

तेवढ्यावर तुम्ही सुखानं गेला असतात. मला ते कळत होतं. "मीच पुसलं, आप्पा," मी म्हणाले. तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत.

अशा माणसाला पुढं झोप लागत नाही म्हणतात. मला छान लागते. तुमचा तो पडलेला चेहरा आठवला की, खरं सांगते, अजून बरं वाटतं.