हृदयात लागूनही

रविवार, संध्याकाळ. बेलव्ह्यू.

आज ओंकार येऊन गेला. अलास्कात अस्वलाच्या शिकारीला आमचा रोहन आणि तो बरोबर गेले होते. परत हा एकटाच आला. मी त्याच्यापुढे माझी आकडेमोड ठेवली. गोळीचं वजन, वेग, एनर्जी. एवढ्या एनर्जीने अस्वल जागीच पडायला हवं होतं. मग का नाही पडलं?

तो खाली बघत म्हणाला, "काका, एनर्जीने ते थांबत नाही. गोळी हाड फोडून मेंदूपर्यंत नाहीतर मणक्यापर्यंत गेली, तरच ते जागच्या जागी कोसळतं. रोहनचा शॉट परफेक्ट होता. हार्टमध्येच लागला. पण हार्ट फुटलं तरी ते काही सेकंद धावू शकतं."

काही सेकंद. म्हणजे किती? विचारलं, तर तो रडायलाच लागला. इंजिनिअर माणूस मी, इतके दिवस गणित करतोय, आणि हे काही सेकंद त्यात धरलेच नव्हते.

तो गेल्यावर सुनंदाने विचारलं, "काय म्हणाला?"

"लगेच संपलं, म्हणाला."

"कोण? अस्वल, की आपला रोहन?"

मी इथे येऊन लिहीत बसलोय. ती अजून दारात उभी आहे.