मागच्या सीटवरचे दोघे

चिमणे,

तुला अक्काचा आशीर्वाद, तुझ्या यजमानांना नमस्कार, आणि त्यांच्या गुडघ्याला निरोप की आता नाटकं पुरे झाली. तेल रोज लावतेस ना? (तू लावतेस आणि ते पुसून टाकतात, मला ठाऊक आहे.) माझी तब्येत छान. एक दात गेला, पण तो तसाही कामचुकारच होता. फोन करायचा सोडून चौथी शिकलेली अक्का पत्र का लिहीत बसली, असं वाटेल तुला. कारण आहे. शेवटी सांगते.

बातमी अशी की आमची गाडी विकली. म्हणजे विकल्यातच जमा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी यांना स्पष्ट सांगितलं की आजोबा, आता गाडी चालवायची नाही. तेव्हापासून यांचं एकच काम. सकाळी उठून उभी गाडी पुसायची, पुसून झाली की पुन्हा पुसायची. तुला आठवतंय ना, जन्मभर बँकेच्या मोठ्या साहेबांची गाडी चालवली आणि निवृत्त झाल्यावर सगळी पुंजी ओतून तसलीच लांबलचक, गुळगुळीत गाडी कोरी करकरीत घेतली, कागद केले माझ्या नावावर. वर मला बसवलं मागे. मी म्हटलं, अहो, पुढे बसते की तुमच्या शेजारी. तर म्हणे, मालकीण मागे बसते. वीस वर्षं मी मागे. (सिग्नलला लोक यांना माझा ड्रायव्हर समजायचे आणि हे खूश व्हायचे.) माझी उंची ही एवढीशी, म्हणून मागची सीट चार बोटं उंच करून घेतली, पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली मऊ पायरी बसवली, पिशवीला आकडा लावला, आणि पुढच्या आरशाखाली अजून एक छोटा आरसा. तो रस्त्यासाठी नाही. मला डुलकी लागली का ते बघायला. लागली की गाडी हळू.

नातीने फोनवर जाहिरात दिली, एकाच मालकाची गाडी म्हणून. यांनी ते बदलून 'एकाच मालकिणीची' करायला लावलं. माणसं येऊ लागली. पहिल्याने आल्या आल्या चाकाला लाथ मारून बघितली. त्याला यांनी पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. दुसरं जोडपं भलं होतं, पण त्यातली बाई म्हणाली, सीट खाली करून घेऊ आणि हा भातुकलीतला आरसा काढून टाकू. झालं! हे आपल्याच गाडीच्या चहाड्या सांगायला लागले. इंजिन खोकतं, ब्रेक ऐकत नाही, दार कुरकुरतं. (एक अक्षर खरं नाही. माझ्या दातांपेक्षा जास्त जपलीय ती गाडी.) मी आत जाऊन हसून घेतलं. पण गाडी दारात आहे तोवर हे डॉक्टरांचं ऐकतील याचा काय भरवसा? एकदा तर किल्ली घेऊन निघालेच होते. मी फाटकात आडवी उभी राहिले तेव्हा परतले.

मग आली ड्रायव्हरबाई. आपल्या नातीएवढी पोर. म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेते आणि आणते, आतापर्यंत भाड्याच्या गाडीत, आता स्वतःची हवी. ही आली ती इंजिन बघायला गेलीच नाही. मागे बसली, पायरीवर पाय ठेवले, छोट्या आरशात बघितलं आणि यांना विचारलं, ह्यात कोण दिसायचं? यांनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, मग आज दोघंही मागे बसा.

चिमणे, काय सांगू तुला. सबंध रस्ता हे हवेत स्टिअरिंग फिरवतायत, आणि ब्रेक समजून माझी पायरी दाबतायत. पोर मात्र हळू चालवत होती, खड्डा आला की आधी आरशात बघायची. तळ्याच्या वळणावर यांचा पाय थांबला. पुढच्या सीटकडे बघत म्हणाले, "इथून माझं तोंड दिसतच नव्हतं तुला?"

मी म्हटलं, "टाळू दिसायची. तिच्यावर केस होते तेव्हापासून बघतेय."

हसले गं. किती दिवसांनी! आणि माझा हात हातात घेतला. वीस वर्षांत गाडीत यांचे हात रिकामे असे पहिल्यांदाच बघितले मी. उतरल्यावर पोरीला म्हणाले, गाडी तुझी. आरसा काढायचा नाही, एवढीच अट.

सगळं छान आहे. काळजी करू नकोस.

तुझी अक्का

ता. क. आता कारण. ह्या कागदाच्या घडीत गाडीची दुसरी किल्ली आहे. दोन्ही किल्ल्या दिल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नाही, हा यांचाच नियम, आणि दुसरी घरात कुठेच सापडत नाहीये. (कशी सापडेल?) तोवर ड्रायव्हरबाई रोज संध्याकाळी येते, उभी राहून गाडी बिघडू नये म्हणून एक फेरी मारते, आणि आम्ही दोघं मागे. काल तर यांनी स्वतःच मागचं दार उघडून धरलं. पोरीचं नुकसान नाही, महिनाअखेरपर्यंत तिची भाड्याची गाडी आहेच. तेवढे दिवस किल्ली तुझ्या साखरेच्या डब्यात ठेव. मग पाठव.

ता. क. दुसरं. चिकटवलेलं पाकीट फोडून लिहितेय. टपालात टाकायला ड्रायव्हरबाईच्याच हाती दिलं होतं. तिने बोटांनी चाचपलं, माझ्याकडे बघितलं, पत्ता वाचला आणि पाकीट परत माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, "आजी, ह्याहून लांब राहणारी बहीण नाही का तुम्हाला?"