टेबलाच्या पायावरची सही

ती. मारुतीराव दाजी यांस,

खासबागेतून आपला मेव्हणा नागेंद्र याचा साष्टांग नमस्कार. आक्काची साखर आणि आपला गुडघा, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. (मेथीचे पाणी हे औषध नव्हे, हे मी पूर्वीही कळवले आहे.)

कॅम्पातल्या जुन्या बंगल्यातून मी आणलेले महोगनीचे इंग्रजी जेवणाचे टेबल आपण पाहिलेच आहे. (आपण त्याला शिसवी म्हणालात, ते मी मनावर घेतलेले नाही.) ते घडवणारा कारागीर कोण, या प्रश्नाने माझी झोप उडवली होती. इंग्रज मनुष्य चमच्यावरही नाव कोरतो. एवढे टेबल तो निनावी कसे सोडील? म्हणून बॅटरी घेऊन टेबलाखाली शिरलो, आणि एका पायाच्या आतल्या अंगाला, वार्निशखाली, तीन उभ्या पांढुरक्या रेघा व मधोमध तांबडा ठिपका सापडला. तीन रेघा म्हणजे कारखानदार तीन भाऊ, ठिपका म्हणजे लाखेची मोहर, असा सिद्धान्त मांडून मी इतिहास मंडळात येत्या रविवारी व्याख्यानही ठरवले.

खंडेनवमीला टेबलाचा दुसरा, डगमगता पाय दुरुस्तीसाठी काढून जमिनीवर आडवा ठेवला होता. काल तो बसवला आणि पुन्हा खाली शिरलो, तर त्यावरही त्याच तीन उभ्या रेघा, तोच ठिपका, आणि अधिक ठळक. सिद्धान्ताला दुसरा पुरावा मिळाला म्हणून मी खालूनच सौ. यशोदेला हाक मारली. तिने वाकून पाहिले.

“अवो, ती म्या लावल्याली इभूत हाय. स्कूटरला लावली, मिक्सरला लावली, मग ह्या पायानं काय पाप केलतं? आडवा पडलता, आडवी वढली. उभा तुम्ही केलासा.”

मी बराच वेळ टेबलाखालीच राहिलो. (तिथे विचार चांगला होतो.) कारागिराबद्दलचे कुतूहल मागे पडून आता नवेच लागले आहे. साहेबाच्या टेबलाचा पाय काढून, आडवा ठेवून, त्याला पहिल्यांदा विभूती-कुंकू लावणारे कोण? खानसामा? की त्याचे पाहून खुद्द मडम?

आक्कास नमस्कार.

आपला,
नागेंद्र

ता. क. मंडळाचे अध्यक्ष आपले व्याही आहेत. त्यांना सांगून रविवारचे व्याख्यान पुढे ढकलावे. कारण म्हणून माझा घसा सांगावा.

पुन्हा ता. क. यशोदेने ही हकीकत फोनवर आक्काला सांगितली, व आक्काने आपल्या विहीणबाईंना, असे आत्ताच कळले. तेव्हा घसा नको. व्याख्यान रविवारीच होईल. विषय ‘इंग्रजी टेबलाची खंडेनवमी’. फक्त आक्काला पहिल्या रांगेत बसवू नका. ती हसू लागली की मला पुढचे वाक्य सापडत नाही.